भिंत कोण पाहणार?

(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आमच्या घराण्यात दोन बांधकामांना परवानगी मिळाली. एक आमच्या गावातल्या वाड्यावर मजला चढवण्याची, आणि दुसरी थोरल्या चुलत्यांच्या मुलाच्या, ज्याला आम्ही सारे दादा म्हणतो त्याच्या, अमेरिकेतील नव्या घराची. पहिली नऊ दिवसांत मिळाली. दुसरीला अकरा आठवडे लागले. हे कळल्यावर आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओसरीवर बसून जे उद्गार काढले त्यांचा मथितार्थ असा, की पुढारलेला देश म्हणतात तो हाच असेल तर आपण मागासलेले आहोत तेच बरे. त्या वेळी मीही हसलो होतो. आज मला हसू येत नाही. का येत नाही, तेच येथे सांगायचे आहे.

दादा दर रविवारी फोन करतो. परवान्याचे कागद तो मोबाईलवर पाठवी आणि ते वाचून अण्णांना मराठीत समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे असे. बी. ए. ला इंग्रजी ऐच्छिक घेतल्याचा आमच्या घराला आजवर झालेला हा एकमेव उपयोग! सुरुवातीला मलाही त्यातले निम्मे कळत नव्हते. कवितेतला इंग्रजी शब्द अडला तर कल्पनेने भागते, पण पायाच्या नकाशातला शब्द अडला तर तिथे कल्पना चालत नाही.

आधी काउंटी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. देशभरात त्यांची संख्या ३,००० हून अधिक आहे. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करता येईल, परंतु तिच्यावर आपल्यासारखा कलेक्टर नसतो. लोकांनी निवडून दिलेले मंडळ तिचा कारभार पाहते. शहराच्या हद्दीत घर बांधायचे तर शहराचे बांधकाम खाते परवाना देते आणि हद्दीबाहेर पुष्कळ ठिकाणी हे काम काउंटीचे असते. दादाने घेतलेला जमिनीचा तुकडा शहरापासून दूर, मक्याच्या शेतांच्या कडेला आहे. म्हणून त्याची गाठ काउंटीच्या कचेरीशी पडली.

अर्जाचा नमुना पाहून अण्णा प्रथम खूश झाले, कारण तो दोनच पानांचा होता. मालकाचे नाव, जागेचा क्रमांक, बांधणार कोण, क्षेत्रफळ किती, अंदाजे खर्च किती, संपले. पण त्या दोन पानांना जे शेपूट लागले होते ते पाहून त्यांचा चेहरा बदलला. जागेचा मापाबरहुकूम नकाशा हवा. त्यात हद्दी, रस्ता, पाण्याची बोअर, मैल्याची टाकी आणि प्रत्येक हद्दीपासून घराचे अंतर दाखवलेले हवे. पायाचा नकाशा वेगळा. भिंतीचा व छपराचा उभा छेद वेगळा. त्यात कोणत्या जातीचे लाकूड, किती इंची, किती अंतरावर, हे लिहिलेले. ('लाकडाची भिंत?' असे अण्णांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.) आरोग्य खात्याचे स्वतंत्र पत्र हवे, कारण जिथे गटाराची सोय नाही तिथे सांडपाणी जमिनीतच मुरवावे लागते, आणि जमीन पाणी किती वेगाने शोषते हे खड्डा खणून, त्यात पाणी ओतून आधी मोजून पाहावे लागते. घराची वाट सार्वजनिक रस्त्याला जिथे मिळते तिथे पाणी तुंबू नये म्हणून रस्ते खात्याचे आणखी एक पत्र. शिवाय जागा पुराच्या पट्ट्यात येते की काय, याचा दाखला. 'लग्नाच्या याद्यांनासुद्धा इतके कागद लागत नाहीत,' अण्णा म्हणाले.

मी मात्र ते कागद पुन्हा पुन्हा चाळीत बसलो होतो आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट येत होती. त्या ढिगात मालकीविषयीचा कागद एकच होता. बाकीचे सारे कागद जमिनीला, पाण्याला, लाकडाला आणि लोखंडाला प्रश्न विचारीत होते.

तीन आठवड्यांनी नकाशे परत आले. तपासनिसाने तीन शेरे मारले होते आणि प्रत्येक शेऱ्यापुढे नियमाचे कलम दिले होते. त्यांतला एक शेरा माझ्या मनात घर करून राहिला. तळघरात एक खोली निजण्याची म्हणून दाखवली होती. तिची खिडकी लहान पडते, असे त्याचे म्हणणे. त्या देशात घरबांधणीसाठी 'इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड' नावाची एक संहिता आहे. ती प्रथम २००० साली निघाली आणि दर तीन वर्षांनी सुधारली जाते. (नाव आंतरराष्ट्रीय असले तरी तिचा वापर मुख्यतः अमेरिकेतच होतो, नाव ठेवण्याच्या बाबतीत ते लोकही आपल्यासारखेच दिसतात.) ही संहिता आपोआप कायदा होत नाही, राज्याने किंवा काउंटीने ती स्वीकारावी लागते, आणि स्वीकारताना तीत फेरफार करता येतात. तिच्यात असे म्हटले आहे, की निजण्याच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी, तिची मोकळी जागा साधारणपणे ५.७ चौरस फूट असावी आणि तिची खालची कड खोलीच्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नसावी.

हे आकडे मी अण्णांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, 'खिडकी त्याची, हवा त्याची, सरकारच्या बापाचे काय जाते?' मी दादाला विचारले. तो म्हणाला, 'अरे, हा हवेचा हिशेब नाही. रात्री आग लागली आणि दाराकडची वाट बंद झाली, तर झोपलेल्या माणसाला त्या खिडकीतून बाहेर पडता आले पाहिजे, आणि पाठीवर सामान बांधलेल्या आगीच्या बंबवाल्याला तिच्यातून आत शिरता आले पाहिजे.' अण्णा गप्प बसले. मला वाटते, कचेरीने घातलेल्या एखाद्या अटीमागे माणूस उभा आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथम दिसले. मलाही.

दुरुस्त नकाशे गेले, खर्चाच्या अंदाजावर बेतलेली फी भरली गेली आणि परवाना आला. त्याबरोबर एक जाड कार्ड आले, ते जागेवर दर्शनी ठिकाणी लावायचे. त्यावर तपासण्यांची यादी छापलेली: पायाचा चर, पायाची भिंत, सांगाडा, आतले नळ, आतल्या विजेच्या तारा, उष्णतारोधक थर आणि शेवटची तपासणी. प्रत्येकापुढे सही आणि तारीख यांसाठी मोकळी जागा. परवाना हातात पडल्यापासून १८० दिवसांत काम सुरू केले नाही तर तो रद्द होतो, हेही त्यात होते. आपल्याकडे परवानगी मिळाली की कचेरीचा संबंध संपतो. तिथे परवानगी मिळाल्यावर तो सुरू झाला.

पायाचा चर खणून झाला. त्या भागात हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि गोठलेली जमीन फुगून घर उचलते. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. दादाच्या काउंटीत ही खोली साडेतीन फूट. चर खोल होता, सळया बांधलेल्या होत्या, काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची सांगून ठेवलेली. तपासनीस आला, चराच्या कडेने चालत गेला, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात थांबला. तिथे आदल्या रात्रीच्या पावसाचे पाणी साचून तळाची माती लोण्यासारखी झाली होती. त्याने पायातल्या बुटाची टाच दाबून दाखवली; ती आत गेली. कार्डावर सही झाली नाही. 'मऊ माती काढा, घट्ट थरापर्यंत जा, मग बोलवा' एवढे लिहून तो दहा मिनिटांत निघून गेला. गाडी रद्द करावी लागली आणि तिचे पैसे बुडाले.

त्या रविवारी दादा फार चिडलेला होता. अण्णांनी फोनवरच विचारले, 'त्याला चहा पाजला नाहीस काय रे?' दादा हसला आणि म्हणाला, 'काका, त्याने पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणली होती.' चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा आला, चर पाहिला आणि सही करून गेला. पहिल्या खेपेस नाही म्हटल्याचा त्याला राग नव्हता आणि दुसऱ्या खेपेस हो म्हटल्याचा उपकार नव्हता. त्याने नाही म्हटले तेव्हा कारण मातीत होते, आणि ते टाचेखाली सर्वांना दिसत होते.

माझ्या मते या सबंध प्रकरणातले सार त्या कार्डात आहे. त्यावरच्या तपासण्यांचा क्रम नीट पाहिला तर कळते, की बहुतेक तपासणी एखादी गोष्ट झाकली जाण्याच्या आधीची आहे. काँक्रीट पडण्यापूर्वी चर. फळ्या ठोकण्यापूर्वी तारा आणि नळ. छत बंद होण्यापूर्वी सांगाडा. घर पुरे झाल्यावर ते सगळ्यांनाच दिसते, आणि रंग दिल्यावर तर सगळीच घरे चांगली दिसतात. जे पुन्हा कधी कोणाच्या दृष्टीस पडणार नाही ते झाकण्यापूर्वी एका त्रयस्थाने पाहायचे, आणि पाहिल्याची सही रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी ठेवायची. यापलीकडे परवान्याला अर्थ नाही. आणि एवढे नसेल तर परवाना हे नुसते फी घेण्याचे निमित्त आहे.

आता कोणी म्हणेल, की हा अमेरिकेचा गुणगौरव झाला. तिकडची माणसे मुळात प्रामाणिक, इकडची लबाड. तसे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि तसे नाही हे दाखवायला अमेरिकेतलीच एक काउंटी पुरेशी आहे. फ्लोरिडातील डेड काउंटीने १९५७ साली 'साउथ फ्लोरिडा बिल्डिंग कोड' स्वीकारला. वाऱ्यावादळाच्या बाबतीत तो देशातल्या कडक नियमावल्यांपैकी एक मानला जाई. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे 'अँड्र्यू' नावाचे चक्रीवादळ त्या काउंटीवर आदळले. २५,००० वर घरे नष्ट झाली आणि सुमारे १,००,००० घरांची मोडतोड झाली. ढिगारे उपसताना असे दिसू लागले, की छपराच्या प्लायवूडला मारलेले खिळे आणि पिना कितीतरी ठिकाणी खालच्या लाकडाला लागलेल्याच नव्हत्या; त्या शेजारच्या पोकळीत गेल्या होत्या. 'मायामी हेरल्ड' या वृत्तपत्राने तपास केला आणि जुन्या घरांपेक्षा ऐंशीच्या दशकातली नवी घरे अधिक कोसळल्याचे दाखवून दिले. नियमांची ढिलाई आणि तपासणीतली हयगय चव्हाट्यावर आणणाऱ्या त्या वार्तांकनाला १९९३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नियमावली होती, अर्ज होते, परवाने होते, तपासनीस होते, सह्याही होत्या. छपरावर चढून खिळा कुठे गेला ते पाहणारा डोळा तेवढा नव्हता. पुढे फ्लोरिडाने संबंध राज्यासाठी नवी संहिता केली आणि ती २००२ च्या मार्चपासून लागू झाली. पण त्यासाठी एका काउंटीची छपरे उडावी लागली.

तेव्हा प्रामाणिकपणा देशाचा नसतो, पद्धतीचा असतो. आणि पद्धतही रोज पाळली तरच.

आणखी एक भेद केला पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. काउंटीच्या कचेरीत एकाच खिडकीवर दोन निराळ्या गोष्टी विचारल्या जातात. घर पडणार नाही ना, जळणार नाही ना, त्याच्या मैल्याने शेजाऱ्याची विहीर नासणार नाही ना, ही एक. आणि या भागात किती मोठ्या तुकड्यावर, कसल्या प्रकारचे घर असावे, ही दुसरी. या दुसऱ्या अधिकारावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात शिक्कामोर्तब केले. त्याच्या आडून पुष्कळ ठिकाणी असे झाले आहे, की जमिनीचा तुकडा अमुकपेक्षा लहान नको, एका तुकड्यावर एकच कुटुंब राहील, असे नियम करून गरिबाला त्या वस्तीत पाऊल ठेवणेच अशक्य करून टाकायचे. दादाला एक एकराची गरज नव्हती. त्या भागात त्याहून लहान तुकडा घेण्याची मुभाच नव्हती. या दुसऱ्या प्रकाराचा मी वकील नाही. उलट दुसऱ्या टोकाला, काही ग्रामीण काउंट्यांमध्ये घरासाठी बांधकाम-संहिताच लागू नाही. तिथे माणूस हवे तसे बांधतो. आणि परवान्याची माहिती मालमत्ता-कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडेही जाते, म्हणजे त्यांनाही घरपट्टीची आठवण राहतेच. सगळे धुतल्या तांदळासारखे नाही.

आता आमच्या गावाकडे येऊ.

अण्णांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्याला काय जोडले? नमुना ८ चा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, आत्याचे आणि चुलत्यांचे संमतीपत्र, चतुःसीमा, आणि गावातल्याच एका मुलाने वहीच्या कागदावर काढून दिलेला नकाशा. मासिक सभेत अर्ज वाचला गेला. शेजारच्याने एवढेच विचारले, की पावसाचे पाणी आमच्या अंगणात पडणार नाही ना. अण्णा म्हणाले, नाही. ठराव झाला. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. सभेतली माणसे आमचीच, भली माणसे. ग्रामसेवकांनी एक पैसा मागितला नाही. नऊ दिवसांत काम झाले, आणि हे आपल्या राज्यात सर्वांच्या नशिबी नसते हे मी जाणतो. पण त्या सबंध नऊ दिवसांत, ज्या भिंतींवर हा मजला चढणार होता त्या भिंती पाहायला कोणी आले नाही. अर्जाने आम्हांला विचारले ते सारे एकाच प्रकारचे होते: जागा कोणाची, हिस्सेदार किती, बाकी भरली का. भिंत कशाची, हा प्रश्नच त्यात नव्हता.

गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रक देण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. चांगली योजना आहे. कित्येकांना प्रथमच आपल्या घराचा कागद मिळतो. परंतु ड्रोन वरून छप्पर मोजतो, आणि भिंतीच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली आणि लहान भूखंडांवरच्या घरांसाठी परवानगीची वाट सोपी केली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये तर अशीही तरतूद आहे, की अर्जावर साठ दिवसांत उत्तर आले नाही आणि अर्ज नियमांत बसणारा असला, तर परवानगी मिळाली असे समजावे. या सगळ्या सुधारणा उशिरावरच्या आहेत, आणि उशीर हा खरोखरच जाच आहे. पण कचेरी साठ दिवस मूग गिळून बसली म्हणून भिंत मजबूत होत नाही. शहरांत जोत्याच्या तपासणीचा आणि भोगवट्याचा दाखला असतो. तोही बहुधा लांबी-रुंदी नकाशाशी जुळते की नाही एवढेच पाहतो.

कोणाला वाटेल, एका भिंतीचे एवढे काय? आमचा भाग कोणता ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन होऊन माणसे नुकती झोपी गेली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. काही अंदाज याहून जास्त आहेत. म्हणजे अँड्र्यू वादळानंतर अवघ्या तेरा महिन्यांनी आणि त्याच्यासारखेच पहाटे. फक्त तिथल्या बळींची संख्या शंभराच्या आतच राहिली होती. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर आपला हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. माणसे मारली ती जमिनीच्या हादऱ्यापेक्षा घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड आणि चिखलाच्या भिंती. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचे थर चढत गेलेले. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानले. ती भिंत पुष्कळदा एक नसतेच. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मध्ये चिखल आणि दगडांचे तुकडे. दोन्ही पदरांना आरपार जाऊन बांधून ठेवणारे लांब दगड नसतील तर हादऱ्यात एक पदर इकडे आणि एक तिकडे पडतो.

अण्णा त्या वेळी सतरा वर्षांचे होते. आमच्या गावात कोणी दगावले नाही, पण वाड्याला भेगा गेल्या. आजी सांगते, की दिवाळी होऊन गेली तरी सारा गाव अंगणात झोपत होता. मग ५२ गावांचे पुनर्वसन झाले, इतर गावांना दुरुस्तीसाठी मदत मिळाली. आमच्या भेगा सिमेंटने लिंपल्या गेल्या, वरून चुना दिला गेला, आणि हळूहळू सगळे पुन्हा आत झोपू लागले. दगडमातीच्या घरांना बळकटी कशी आणावी याचे भारतीय मानक, आय. एस. १३८२८, त्याच १९९३ सालचे आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता तर १९७० पासून आहे आणि तीनदा सुधारलेली आहे. पुस्तके आपल्याकडे नाहीत असे नाही. पण त्या पुस्तकांतले एकही वाक्य आमच्या पंचायतीच्या सभेपर्यंत आलेले नाही. आणि त्या लिंपलेल्या भेगांवर स्लॅबचा मजला चढवायला नऊ दिवसांत परवानगी मिळते.

माझ्या एका मित्राने हे ऐकून विचारले, 'म्हणजे आणखी एक तपासनीस आणि आणखी एक हात ओला करणे, हेच ना?' प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे एका सहीची चार सह्या झाल्या की चार ठिकाणी अडवणूक होते, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच मी नवी कचेरी मागत नाही. पाहा, प्रधानमंत्री आवास योजनेतून गावात घरकुल बांधले जाते, तेव्हा काय होते? पाया झाला की कर्मचारी येतो, जागेच्या खुणेसह फोटो काढतो, आणि मग पुढचा हप्ता सुटतो. भिंती वर आल्या की पुन्हा, छत झाले की पुन्हा. म्हणजे टप्प्याटप्प्याने घर पाहण्याची रीत आपल्या गावात आलेली आहे. फक्त ती सरकारचा पैसा नीट खर्च होतो की नाही हे पाहण्यापुरती आली. माणूस स्वतःच्या पैशाने बांधतो तेव्हा कोणी येत नाही. जणू सरकारचा हप्ता बुडू नये, पण माणूस बुडाला तरी चालेल! पंचायत समितीचे अभियंते त्या फोटोंसाठी आणि मापांसाठी गावात येतातच. पाया भरण्यापूर्वी एकदा आणि स्लॅब ओतण्यापूर्वी एकदा, अशा दोन खेपा इतर घरांसाठीही त्यांनी घालाव्यात. जुन्या भिंतीवर मजला चढणार असेल तर अर्जाच्या वेळीच तिचा एक कोपरा उकलून पाहावा. काय पाहिले ते दाराशी लावलेल्या कार्डावर लिहावे. नाही म्हणायचे असेल तर कारण लिहावे आणि किती दिवसांत पुन्हा येणार ते लिहावे. कार्ड दाराशी असले की लाच मागणे अशक्य होईल असे मी म्हणत नाही. पण गावात ते झाकून राहणार नाही. याला फार पैसा लागत नाही. लागते ती आपली समजूत बदलण्याची तयारी. परवानगी म्हणजे साहेबाची मेहेरबानी, ती जितकी लवकर आणि जितकी कमी प्रश्न विचारून मिळेल तितकी चांगली, ही ती समजूत. आमच्या अण्णांची तीच होती. माझीही होती.

दिवाळीच्या सुट्टीत, दादाने फारच लावून धरले म्हणून, तालुक्याच्या गावी राहणारे एक निवृत्त अभियंते आमच्याकडे आले. त्यांनी वाडाभर फिरून मागच्या कोपऱ्यातला गिलावा फोडायला सांगितला. मिस्त्रीने पहार मारली तसा हातभर पापुद्रा खाली आला. आत दोन पदर, मध्ये वाळलेला चिखल. हात घातला तर मनगटापर्यंत जात होता. आरपार दगड एकही नव्हता. तिशी उलटून गेलेली ती भेग, वरून लिंपलेली, आत तशीच होती. अभियंते म्हणाले, 'यावर पत्रे घालायचे असले तरी मी आधी विचार करीन.' आजी ओसरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, 'मला तर रोज रात्री वाटायचंच,' आणि आत निघून गेली.

अण्णा दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. ठरावाची नक्कल कपाटात आहे. वाळू आणि खडी अंगणात पडून आहे, तिच्यावर शेजारची पोरे खेळतात. मजल्याचा बेत आता सोडला आहे. वाड्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत, जुन्या भिंतीला न टेकता, चार कॉलमांवर दोन खोल्या घ्यायच्या ठरल्या आहेत, आणि त्या झाल्या की आजीची खाट प्रथम तिकडे हलवायची आहे. परवा खड्डे खणून झाले. मिस्त्री म्हणाला, उद्या सकाळी भरून टाकू. अण्णा म्हणाले, 'थांब. साहेब येऊन पाहून जाऊ देत.'